फुकटचा डबा

दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील. कलबुर्गीहून पुतण्याचा फोन आला. "काकू, कॉम्प्युटर जोडायचाय. दहा वर्षं तरी चालला पाहिजे. कुठले पार्ट घेऊ?" त्याला वाटलं असणार, मी चार नावं सांगीन आणि तो लिहून घेईल. मी विचारलं, "घरात अर्थिंग आहे का रे?" तो म्हणाला, "म्हणजे?"

मग आमचं बोलणं तासभर लांबलं. मधे त्याची आई एकदा फोन घेऊन म्हणाली, "वहिनी, पोराला एवढं काय सांगताय?" एवढं का सांगत होते ते तिलाही पुरतं ठाऊक नाही. म्हणून आज इथं लिहिते.

मी काही इंजिनियर नाही. बिदरला घराच्या पुढच्या खोलीत 2003पासून टायपिंगची आणि डीटीपीची कामं करते. आमच्याकडची लग्नपत्रिका कशी असते ते वाचकांना सांगायला नको. एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड. मुलगी भालकीची आणि मुलगा उदगीरचा असला तर दोन्हीकडची मंडळी आपापल्या बाजूची शुद्धलेखनं तपासतात आणि दोन्हीकडून चुका निघतात. एकाच कॉम्प्युटरवर मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी. सकाळी तहसीलचा अर्ज कन्नडमधून, दुपारी हरिनाम सप्ताहाचं पत्रक मराठीतून. यावर दोन लेकरांचं शिक्षण झालं.

पहिला कॉम्प्युटर 2003च्या दसऱ्याला घेतला. दहा हजार स्त्रीशक्ती संघातून उचलले, बाकीचे यजमानांनी साठवलेले. सिकंदराबादला पार्क लेनवर चेनॉय ट्रेड सेंटर आहे. आपल्या भागातली माणसं कॉम्प्युटरसाठी तिथंच जायची. बेंगळुरू सातशे किलोमीटर, हैदराबाद दीडशेच्या आत; त्यामुळे राज्य एक आणि बाजार दुसरा ही आपली जुनीच रीत. सोबत धाकटे दीर होते. त्यांनी सहा महिन्यांचा कोर्स केला होता, म्हणून निवड त्यांच्याकडे. पेंटियम फोर घेतला, 40 जीबीची हार्ड डिस्क घेतली, 256 एमबी रॅम घेतली आणि उरलेल्या पैशात मोठे स्पीकर घेतले. कॅबिनेट निवडायला मात्र सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण एकाला पुढं निळा दिवा होता. त्या कॅबिनेटच्या आत एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा, फुकट होता. त्यावर चारशे वॅट असं छापलेलं होतं. कोणी उचलूनसुद्धा पाहिला नाही. फुकटच्या वस्तूची कोण चौकशी करतो?

परतताना बसच्या कंडक्टरनं मॉनिटरला लगेज लावलं. गोधडीत गुंडाळलेला तो मॉनिटर मांडीवर घेऊन मी बिदरपर्यंत आले.

आता आत्यांबद्दल. सासूबाईंना आम्ही सगळ्या सुना आत्या म्हणायचो. त्यांचं माहेर आळंद तालुक्यातलं, सासर औराद तालुक्यातलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण जात्यावरच्या ओव्या किती येत होत्या याचा अंदाज त्यांना स्वतःलाही नव्हता. गिरणी आली, जातं अंगणात पालथं पडलं, तरी ओव्या होत्याच. त्या पंढरीला जायच्या तशाच मैलारच्या खंडोबाला जायच्या आणि कलबुर्गीच्या शरणबसवेश्वराच्या जत्रेतही जायच्या. मधेच एखादा कन्नड शब्द यायचा आणि ओवीत असा बसायचा, की काढायला गेलं तर ओवीच मोडावी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. 2017पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. त्या कामाविषयी मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की आत्यांच्या ओव्या पुण्याच्या माणसाला सापडायच्या नाहीत, कारण त्या अर्ध्या इकडच्या आणि अर्ध्या तिकडच्या होत्या.

लग्न झाल्यावर हौसेनं मी त्यातल्या 180 ओव्या वहीत उतरवल्या होत्या. कॉम्प्युटर आल्यावर वही सुटली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आत्या खुर्चीशेजारी पाटावर बसायच्या, मी सरळ टाइप करायची. "हात कसे ग पळतात तुझे," म्हणायच्या. दोन पावसाळे हे चाललं. 597 ओव्या झाल्या. सहाशे पुरे करू म्हणत होते. नणंदेनं, आमच्या अक्कांनी, भावाच्या ओव्या मागितल्या म्हणून त्या 92 तेवढ्या छापून दिल्या. 2006च्या माघात आत्या गेल्या.

त्याच वर्षी मे महिन्यात, भर लग्नसराईत, दुपारी लाइट गेली आणि आली ती दणक्यानं आली. बल्ब क्षणभर पांढरा झाला. कॅबिनेटमधून फटाका वाजल्यासारखा आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास सुटला. निळा दिवा गेला. मला तेव्हा चिंता होती ती अडकलेल्या अकरा पत्रिकांची. ओव्या आत आहेत हे रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, आणि मी उठून बसले.

डिस्क घेऊन मी आणि यजमान सिकंदराबादला गेलो. तिथं एका अरुंद जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान होतं, चालवणारे वयस्कर मुसलमान गृहस्थ. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांनी आधी डिस्क पाहिली. तिच्या पाठीवरची हिरवी पट्टी एका ठिकाणी काळी पडली होती. तशीच दुसरी पट्टी आणून बसवली तर कधी कधी जमतं, म्हणाले. तशी डिस्क शोधायला त्यांना महिना लागला. बसवली. जमलं नाही.

मग त्यांनी तो फुकटचा डबा उघडून दाखवला. घरात 230 व्होल्ट येतात. हा डबा त्यातून 12, 5 आणि 3.3 व्होल्ट काढून आतल्या भागांना देतो. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळे त्याच्या हातचं खातात. विजेचा धक्का अडवायला आत काही भाग असावे लागतात. त्यांच्या जागा पट्टीवर छापलेल्या होत्या, पण भागच बसवले नव्हते. जिथं तांब्याची गुंडाळी हवी तिथं नुसता तारेचा तुकडा टाकून रस्ता जोडला होता. व्होल्ट प्रमाणाबाहेर चढले तर डब्यानं स्वतः बंद पडायचं असतं. हा बंद पडायच्या आधी सगळ्यांना घेऊन गेला. "बेटी," चाचा म्हणाले, "रंगां कू नक्को देखो, वजन देखो." आणि माझ्या एका हातात आमचा डबा दिला, दुसऱ्या हातात चांगला. चांगला जवळपास दुप्पट भरला. आत तांबं असलं, ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असल्या की वजन येतंच. आपण कांदे घेताना तराजूकडे बघतो, आणि ज्याच्यावर घर चालणार तो डबा उचलूनसुद्धा पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र डब्याच्या माथी मारता येत नाही. 597 ओव्या म्हणजे किती? एका फ्लॉपीत 1.44 एमबी मावायचं. सगळ्या ओव्या मावून तिच्यात जागा उरली असती. फ्लॉपी तेव्हा चहाच्या पैशात मिळत होती. माझ्या टेबलाच्या खणात दहा कोऱ्या होत्या.

चाचांनी विचारलं, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत होत्या. आम्ही पायाखाली लाकडी पाट घेऊन बसायचो आणि ते कॉम्प्युटरच्या स्वभावाचंच समजायचो! वायरमनला बोलावलं तेव्हा कळलं, की तीन पिनांच्या सॉकेटातली तिसरी तार भिंतीतच संपते. ती जमिनीपर्यंत गेलीच नव्हती. मग अंगणात आठ-नऊ फूट खड्डा घेतला. बिदरचा जांभा खणणं किती सोपं ते खणणाऱ्याला विचारा. भोकाचा लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला तोंड. आपल्या जांभ्यात पाणी ठरत नाही, उन्हाळ्यात तो कोरडाठक होतो, म्हणून फाल्गुनापासून मृगापर्यंत मी दर आठ दिवसाला त्यात दोन कळशा ओतते. शेजारणींना वाटायचं, इथं काहीतरी व्रत आहे. वायरमनच्या मीटरवर आधी न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये चाळीसच्या आसपास व्होल्ट दिसत होते, नंतर दोन. पाट स्वयंपाकघरात परत गेला.

दुसरा कॉम्प्युटर 2007मध्ये घेतला तो उलट्या क्रमानं. आधी डबा निवडला, वेगळे पैसे मोजून. मग यूपीएस. मग मदरबोर्ड. प्रोसेसर शेवटी, उरलेल्या पैशात बसेल तो. दीर नाराज झाले. त्या काळात जगभर मदरबोर्डांवर एक रोगच आला होता. 1999च्या सुमारास सुरू झाला आणि 2007पर्यंत रेंगाळला. बोर्डावर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांच्या आतलं द्रव सदोष निघालं. दोन-तीन वर्षांत ते वरून पुरीसारखे फुगायचे, फुटून तपकिरी पाझरायचे आणि बोर्ड जायचा. नामांकित कंपन्यांचे बोर्डही त्यातून सुटले नाहीत. चाचांनी मला ज्याच्यावर कोरडे, घट्ट कपॅसिटर आहेत असा बोर्ड शोधून दिला. त्यांचं दुसरं सांगणं उष्णतेचं होतं. कपॅसिटर 85 अंशाचा की 105 अंशाचा ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, आणि दहा अंश थंड राहिला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. आमच्या खोलीत मे महिन्यात चाळीस अंश. म्हणून कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं आणि त्यावर पांघरलेलं भरतकामाचं झाकण काढलं. ते झाकण मीच विणलं होतं, जिवावर आलं.

तो कॉम्प्युटर बारा वर्षं रोज चालला. या बारा वर्षांत काय काय बदललं? बोर्डावरचा नाण्याएवढा सेल तीनदा. तो संपला की तारीख मागं जाते, लोक घाबरतात, आणि दुखणं निघतं चाळीस-पन्नास रुपयांचं. डब्याचा पंखा एकदा. यूपीएसची बॅटरी दर तीन वर्षांनी. कीबोर्ड किती ते मोजले नाहीत. रॅम दोन जीबीची चार केली, कारण बोर्ड घेतानाच रिकामी खाच ठेवली होती. 2016मध्ये एसएसडी घातली तेव्हा तर म्हातारी नऊवारी खोचून पळायला लागावी तसा पळाला. प्रोसेसर? त्याला कधीच काही झालं नाही. ज्याच्यासाठी लोक सगळ्यांत जास्त भांडतात तो भाग सगळ्यांत कमी बिघडतो, हे मी बावीस वर्षांत पाहिलं.

त्याला थांबवलं ते बिघाडानं नव्हे. विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014ला संपला, म्हणून सेव्हन घातली. तीही 14 जानेवारी 2020ला संपणार हे कळल्यावर 2019मध्ये तिसरा घेतला. तेव्हा एक नवी गोष्ट शिकले. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो ती बैठक किती वर्षं चालणार हे आधी विचारायचं. एएमडीची एएम फोर ही बैठक 2016ला आली आणि पुढची चार-पाच वर्षं नवे प्रोसेसर तिच्यात बसत गेले. मी 2023मध्ये त्याच बोर्डावर नुसता प्रोसेसर बदलला; आधी बायोस अद्ययावत करून घ्यावा लागला, एवढंच. इंटेलची बैठक मात्र लवकर बदलते. 2021ची एलजीए 1700, तर 2024ला एलजीए 1851. प्रोसेसर वाईट नाहीत, पण चार वर्षांनी वाढवायचं म्हटलं तर बोर्डही बदलावा लागतो.

पुतण्याला मी हेच सांगत होते. आत्ताची एएम फाइव्ह 2022ला आली आहे. 2027पर्यंत आणि त्यापुढंही ती चालवू असं कंपनीनं जाहीर केलंय. त्यात डीडीआर फाइव्ह रॅमच लागते, आणि इथंच त्याची गाडी अडली होती. 2025च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भलतेच चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कारखाने तिकडं वळले. मायक्रॉननं तर डिसेंबर 2025मध्ये क्रुशियल या नावानं किरकोळ गिऱ्हाइकांना विकणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. पुतण्या म्हणाला, "मग डब्यातले दोन हजार वाचवून रॅममध्ये घालू का?"

मी फोनवर जरा जोरात बोलले असेन. त्याची आई फोनवर आली ती तेव्हाच.

रॅमची एकच कांडी घे, म्हटलं. वेग थोडा कमी मिळेल, मिळू दे. दुसरी खाच मोकळी राहील, भाव उतरले की भर. ग्राफिक्स कार्ड आत्ता नकोच. डब्याची वॉरंटी बघ. जो स्वतः दहा वर्षांची लिहून देतो त्याला आपल्या डब्याची खात्री असते. सर्व्हिस सेंटर हैदराबादेत आहे का ते विचार. 80 प्लसचा शिक्का असेल. तो 2004पासून देतात, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, डबा किती वर्षं टिकेल ते नाही. काचेचं कॅबिनेट नको. तुमच्या घरामागं डाळमिल आहे. तुरीचा हंगाम आला की तिथला भुसा खिडकीतून येऊन ताटात पडतो, पंख्यात नाही का जाणार? पुढं जाळी असलेलं आणि ती जाळी काढून धुता येईल असं घे. धुवायची मात्र तुझ्या आईनं नाही, तू.

"आणि दिवे?" त्यानं विचारलं. दिवे लाव बाबा. दिव्यांनी कोणाचं काही बिघडवलं नाही. आमच्या निळ्या दिव्यावर मी फार वर्षं राग धरला, पण तो बिचारा निर्दोष होता.

विंडोज टेन 14 ऑक्टोबर 2025ला संपली. माझ्या तिसऱ्या कॉम्प्युटरवर इलेव्हन बसली. बायोसमध्ये टीपीएम नावाचं एक बटण चालू करायला लागलं, ते लेकीनं केलं. 2007वाला अजून कोपऱ्यात आहे. त्याला इंटरनेट दिलेलं नाही. जुन्या पेजमेकरच्या फायली त्याच्याशिवाय उघडत नाहीत, आणि वीस वर्षांपूर्वीची पत्रिका घेऊन तिच्यासारखीच बहिणीची करा म्हणणारी गिऱ्हाइकं अजून येतात.

वहीतल्या 180 आणि अक्कांकडच्या कागदावरच्या 92 ओव्या मी पुन्हा टाइप केल्या, या वेळी युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्टची कंपनी असो-नसो, अक्षरं वाचता यावीत. त्यांची एक प्रत माझ्या एसएसडीवर आहे, एक साध्या हार्ड डिस्कवर. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात पडली तर विसरायला लागते, म्हणून दुसरी. तिसरी प्रत कलबुर्गीला जाणार आहे. पुतण्याला मी सल्ल्याची फी तेवढीच सांगितली. चौथी कागदावर छापलेली, आत्यांच्या ट्रंकेत.

गेलेल्या होत्या सव्वातीनशे. अक्का आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत. दर उन्हाळ्यात महिनाभर येतात. त्यांना ओव्या सरळ आठवत नाहीत. मग मी परातीत ज्वारी निवडायला देते. हात चालायला लागले की एखादी येते, अर्धी येते, पुढचं अडतं. "आई काय म्हणायची ग इथं?" मला विचारतात. मी ती टाइप केलेली असते, माझ्या बोटांखालून एकदा गेलेली असते, आणि मला आठवत नाही. आजवर 41 जमल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या अशाच बसल्या होत्या. मैलारची एक ओवी निम्मी झाली आणि लाइट गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. अक्का दचकून थांबल्या. "राहू दे ग, मग सांगते," म्हणाल्या. मी म्हटलं, "अक्का, वीस मिनिटं आहेत. म्हणा तुम्ही." त्यांनी मूठभर ज्वारी परातीत पुढं ओढली.